गिरणगावची जमीन आणि आपला वाटा

परळ-लालबागच्या टॉवरना हरकत घेतली की आम्हाला विचारतात, 'तुम्हाला विकास नको का?' घरे हवीतच. पण कोणाच्या घामाच्या जमिनीवर आणि कोणासाठी?

या गिरण्यांत आपले बापजादे राबले. जादा मजुरीच्या विणकाम खात्यात मात्र अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. तुटलेला धागा तोंडात धरून सांधावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपात परळच्या चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरवली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. 'मोकळी' या एका शब्दात मैदाने आणि गरिबांची घरे आक्रसली.

तेव्हा विणकाम खात्याचे दार बंद होते, आज टॉवरचे फाटक बंद आहे. म्हणून मित्रांनो, प्रत्येक हरकतीत लेखी विचारा: म्हाडाला जमीन किती मिळाली? गिरणी कामगारांना घरे किती? बाबासाहेबांनी कामात वाटा मागितला. आपण जमिनीत मागू.

जय भीम!