कॉलोराडोवरील नाव्हाहो पूल

वाळवंटातील नदी म्हणजे उथळ, वाळूने भरलेली, उन्हाळ्यात पायी ओलांडता येणारी, अशी कल्पना घेऊन कोणी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात गेला, तर त्याची फसगत होईल. तेथे कॉलोराडो नदीने खडकात शेकडो मैल खोल दऱ्या कोरल्या आहेत. काठावरच्या तहानलेल्या माणसाला पाणी दिसते, पण मिळत नाही. पारिया नदीच्या संगमाजवळ मात्र तीर पाण्यापर्यंत उतरतात, आणि त्यामुळे गाडीवाट तेथूनच जाणे क्रमप्राप्त होते.

१८७३ मध्ये जॉन ली याने तेथे तर सुरू केली. हा मनुष्य त्या निर्जन जागी हौसेने राहिला नव्हता. १८५७ मध्ये माउंटन मेडोज येथे झालेल्या वाटसरूंच्या कत्तलीत त्याचा हात होता व त्यासाठी १८७७ मध्ये त्याला गोळ्या घालून देहान्त शासन देण्यात आले. त्याची पत्नी एमा हिने त्यानंतर १८७९ पर्यंत तर सांभाळली. यूटातून ॲरिझोनात वसाहतीस निघालेली मॉर्मन कुटुंबे याच वाटेने गेली. पुढे त्यांच्याकडील नवविवाहित जोडपी सेंट जॉर्जच्या मंदिरातील संस्कारासाठी उलट दिशेने येऊ लागली, आणि त्या खडतर रस्त्याला 'मधुचंद्राची वाट' हे नाव पडले!

मोटारी आल्यावर तर अपुरी पडू लागली. १९२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पुलासाठी एक लाख डॉलरांची तरतूद मान्य केली; परंतु ही रक्कम नाव्हाहो जमातीच्या निधीतून वसूल व्हावयाची होती. एक काठ त्यांच्या राखीव प्रदेशात येतो, एवढेच निमित्त. पुलाचा मुख्य लाभ मोटारींतून हिंडणाऱ्या परक्या प्रवाशांना आणि बोजा मात्र गरीब मेंढपाळांच्या माथी, हा न्याय अजबच म्हटला पाहिजे. १९२६ मध्ये सिनेटमध्ये त्यावर कडक टीका झाली. तथापि योजना थांबली नाही.

संगमाच्या खाली काही मैलांवर, जेथे दरी अरुंद होते, तेथे १९२७ मध्ये काम सुरू झाले. पात्रात खांब उभारणे अशक्य. म्हणून ६१६ फुटांच्या पोलादी कमानीचे दोन अर्धे भाग दोन्ही कड्यांवरून पुढे सरकवीत मध्यावर जुळविण्याचे ठरले. अर्थात दोन्ही काठांवर सामान पोहोचणे आवश्यक होते, आणि त्यासाठी तरीवाचून दुसरे साधन नव्हते. ७ जून १९२८ रोजी ती तरच उलटली. तिघे बुडाले. पूल लवकरच होणार म्हणून ती पुन्हा सुरू करण्यात आली नाही. परिणामी समोर दिसणाऱ्या काठावर सामान नेण्यास सुमारे आठशे मैलांचा वळसा पडू लागला!

जानेवारी १९२९ मध्ये पूल खुला झाला: लांबी ८३४ फूट, पाण्यापासून उंची ४६७ फूट, रस्ता अवघा १८ फूट रुंद. प्रारंभी त्यास 'ग्रँड कॅन्यन पूल' म्हणत. १९३४ मध्ये 'नाव्हाहो पूल' हे नाव अधिकृत झाले. ज्यांच्या नावे खर्च टाकला होता, त्यांचे नाव निदान पुलास मिळाले.

अठरा फुटांचा रस्ता अवजड मालमोटारींना पुरेना, तेव्हा शेजारीच तशाच घाटाची नवी कमान उभारण्यात आली व १९९५ मध्ये वाहतूक तिच्यावर गेली. जुना पूल पाडला नाही. तो आता पादचाऱ्यांसाठी आहे, आणि त्याच्या तुळयांवर कॉन्डॉर जातीची प्रचंड गिधाडे विसावलेली पुष्कळदा दिसतात.