निळ्या कांशाची साक्ष

श्रोतेहो, धातूचें भस्म विजेस वाट देत नाहीं, असा आपला समज. परंतु मॉलिब्डेनमच्या पोटॅशियमयुक्त ऑक्साइडाचा एक स्फटिक वाट देतो, तीही मुख्यत्वें एकाच दिशेनें, अणूंच्या साखळ्यांवरून. त्यास ‘निळें कांसें’ म्हणतात. कांशाचा त्यांत लेशही नाहीं! असा एकमार्गी धातु थंडींत टिकावयाचा नाहीं, अणूच किंचित सरकून विजेची वाट अडवितील, हें रूडॉल्फ पायर्ल्स यांनीं १९५५ सालीं आपल्या ग्रंथांत ओझरतें लिहिलें. निसर्गांत असा पदार्थ मिळणार कोठून, म्हणून स्वतंत्र निबंधाची तसदी त्यांनीं घेतली नाहीं. १९८३ सालीं फ्रान्समध्यें क्षकिरणांनीं पाहतां, उणे ९३ अंश सेंटिग्रेडखालीं निळ्या कांशाचे अणू तसेच सरकलेले आढळले. त्याच वर्षीं ग्रेनोबल येथें विजेचा दाब एका मर्यादेपलीकडे वाढवितांच अडून बसलेले विद्युत्कण एकजुटीनें सरकूं लागले.