स्वराज्याची पायी वारी

मायबाप श्रोतेहो, पंढरीची वाट चालताना कुणी विचारतं, "बाबा, एस.टी. आहे, रेल्वे आहे, मग पायी कशाला?" वारकरी नुसता हसतो आणि पुढे चालू लागतो. त्याला ठाऊक असतं, चालता चालताच माणूस आतून धुऊन निघतो. हा विचार पूर्वरंगाला ठेवू आणि आख्यान लावू महात्मा गांधींचं. या माणसाने एका देशाला पारतंत्र्यातून स्वराज्यापर्यंत पायी नेलं, बरं का!

आरंभ पाहा. १८९३ साल, दक्षिण आफ्रिका. २३ वर्षांचा बॅरिस्टर, खिशात पहिल्या वर्गाचं तिकीट. पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनावर कातडीचा रंग पाहून त्याला डब्यातून उतरवलं. थंडीची रात्र, कुडकुडत काढली. अपमान गिळून मायदेशी परतावं की थांबावं? तो थांबला. तिथे गिरमिट संपलेल्या हिंदी मजुरांवर तीन पौंडांचा कर होता. १९१३ साली दोन हजारांहून अधिक मजूर, बायकापोरांसह, त्याच्या मागून चालत ट्रान्सवालची सरहद्द ओलांडून गेले. पुढच्याच वर्षी तो कर उठला. ज्याला गाडीतून उतरवलं, त्याने हजारोंना चालायला शिकवलं!

आता हिंदुस्थानात या. १२ मार्च १९३०, साबरमती आश्रम. महात्माजींचं वय ६०, सोबत ७८ जण. गरिबाच्या भाकरीबरोबरच्या मिठावरही सरकारचा कर, आणि समुद्रकाठी आपोआप साचलेलं मीठ उचललं तरी गुन्हा. तो कायदा मोडायला ही दिंडी निघाली. २४१ मैल, २४ दिवस. नेम कसा? दोन्ही वेळ प्रार्थना, रोज सूतकताई, रोज रोजनिशी. भजनाला आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य.

वाटेत भाटगावला काय झालं, ऐका. मंडळींच्या सोयीसाठी सुरतेहून दूध, भाजी आली होती. रात्रीच्या वाटेला उजेड हवा, म्हणून मजुरांच्या डोक्यावर जड बत्त्या दिल्या होत्या. महात्माजींनी भर सभेत आपल्याच माणसांचे कान उपटले. गरिबाच्या नावाने निघायचं आणि गरिबाच्याच डोक्यावर ओझं द्यायचं, हे कसलं स्वराज्य?

६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी चिमूटभर मीठ उचललं. लोण देशभर गेलं. आपल्याकडे वडाळा पेटलं, शिरोडा पेटलं. साठ हजारांवर माणसं तुरुंगात गेली, आणि महात्माजींची रवानगी येरवड्याला झाली.

पुढे १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. लगेच अटक, आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसात कैद. तिथेच १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई गेले. १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गेल्या. ही तारीख, १५ ऑगस्ट, ध्यानात ठेवा.

सज्जनहो, कळस दिसू लागला की वारकऱ्याच्या पायांना बळ येतं. इथे स्वराज्याचा कळस दिसू लागला, आणि भाऊ भावाच्या जिवावर उठला. १९४६ ला कलकत्त्यात रक्त सांडलं. नोआखालीत हिंदू मारले गेले, बिहारात मुसलमान मारले गेले. महात्माजी दोन्हीकडे गेले. नोआखालीत ७७ वर्षांचा हा म्हातारा अनवाणी चालला. तीर्थाला जाताना कुणी पायात घालतं का? गावोगाव राखरांगोळी झालेली घरं, रडणारी माणसं. तेच त्यांचं तीर्थ. बांबूच्या निसरड्या पुलांवरून जायला ते या वयात शिकले. एकंदर ४७ गावं झाली. पाय फुटले. वाटेवर कुणी मुद्दाम घाण टाकून ठेवली, तर स्वतः वाकून ती साफ केली आणि पुढे चालले. रागाचा एक शब्द नाही!

मग ती तारीख आली. १५ ऑगस्ट १९४७. दिल्लीत रोषणाई. ज्याने वाट दाखवली तो कुठे होता? कलकत्त्यात, बेलियाघाटाच्या हैदरी मंझिल या पडक्या घरात. उपवास, प्रार्थना, सूतकताई. महादेवभाईंना जाऊन त्या दिवशी पाच वर्षं झाली होती. पंधरा दिवस शांततेत गेले. मग दंगल पुन्हा भडकली, त्या घरावरच जमाव चालून आला. १ सप्टेंबरला महात्माजींनी अन्न सोडलं. ७३ तासांत शहर शांत झालं. पुढाऱ्यांनी शांततेची लेखी हमी दिली, तेव्हाच त्यांनी उपास सोडला.

आणि शेवट? ३० जानेवारी १९४८. प्रार्थनेला उशीर झाला म्हणून ते लगबगीने चालले होते. प्रार्थनेच्या वाटेवरच गोळ्या लागल्या. त्यांचं शेवटचं पाऊलसुद्धा देवाकडेच पडलं, मायबाप.

म्हणून सांगतो, तुमच्या दिंडीत कुणाच्या डोक्यावर ओझं आहे, ते वळून पाहा. विसाव्याला कोण मागे राहिलं, कुणाला पंगतीत जागा मिळाली नाही, ते पाहा. त्याचं ओझं घटकाभर आपल्या खांद्यावर घ्या. महाद्वारी गेल्यावर विठुराया विचारेल, "वाटेत कुणाचा हात धरलास?" त्याचं उत्तर चालतानाच तयार ठेवायचं असतं.

रामकृष्ण हरी!