दाखल-खारीज रजिस्टर : बुलढाणा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाचे एक दुर्लक्षित साधन

अलीकडे आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे गावच्या जुन्या प्राथमिक शाळेची पायरी पुन्हा चढू लागली आहेत. निमित्त विद्येचे नसते, जातपडताळणीचे असते. आजोबा-पणजोबांच्या नावापुढे दाखल-खारीज रजिस्टरात कोणती जात नोंदली आहे, त्याची साक्षांकित नक्कल हवी असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्यामुळे त्या जीर्ण पानांना सोन्याचे मोल आले आहे. मात्र नक्कल हाती पडताच रजिस्टर मिटते. त्याच पानावरील इतर रकाने कोणी वाचीत नाही. प्रस्तुत लेखकाने ही रजिस्टरे वर्षानुवर्षे स्वहस्ते लिहिली असल्याने त्या इतर रकान्यांविषयी ज्ञातिबंधू-भगिनींपुढे काही निवेदन करावे, असे मनात आले.

प्रथम हा पट कोणाचा होता, ते पाहू. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी अमलाखाली आले. पुढे १९०५ साली जिल्ह्यांची फेररचना होऊन खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्यास जोडण्यात आले. तेव्हापासून घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन निराळे प्रदेश एका कारभाराखाली नांदत आहेत. रेल्वे आणि कापसाच्या मोठ्या पेठा घाटाखाली. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा मुलूख घाटावर, कोरडवाहू शेतीचा. ज्या घरी हिशेबाची वही होती, त्या घरचा मुलगा शाळेत लवकर आला आणि टिकला. ज्या घरी केवळ गुरे होती, त्या घरचा मुलगा गुरांमागे गेला.

मुलींचे नाव तर पटावर शोधावेच लागे. आपल्या जिल्ह्याचा अभिमान म्हणून ताराबाई शिंदे यांचे नाव आपण घेतो. बुलढाण्याच्या या विदुषीचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा ग्रंथ १८८२ साली पुण्यास छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क व सत्यशोधक विचाराचे. त्यांनी कन्येस मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले, ते घरी. म्हणजे जिल्ह्यातील ही सर्वांत तेजस्वी विद्यार्थिनी कोणत्याही शाळेच्या रजिस्टरात सापडावयाची नाही! आणि योगायोग असा की, त्याच १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन करून, सारा भरणाऱ्या कुणब्याच्या पोरांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहिल्याचे सरकारास सुनावले होते.

सक्तीचे शिक्षण बडोदे संस्थानाने १९०६ मध्ये सर्वत्र लागू केले. मध्यप्रांताचा कायदा १९२० चा. पण सक्ती करावी की नाही हे स्थानिक संस्थांवर सोपविल्याने तो बव्हंशी कागदावर राहिला. १९५१ च्या शिरगणतीत देशातील साक्षरता शेकडा अठराच्या थोडी वर होती, आणि स्त्रियांची शेकडा नऊसुद्धा नव्हती. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, आणि शाळा खऱ्या अर्थाने वाडी-तांड्यापर्यंत पोहोचली.

आता रकाने वाचू. जन्मतारखेच्या रकान्यात पानेच्या पाने '१ जून' आढळते. शाळा जूनमध्ये उघडे, आईला पोराच्या जन्माचा पोळा-दिवाळी आठवे पण तारीख आठवत नसे. गुरुजी बोटे मोजून वर्ष ठरवीत आणि १ जून लिहीत. (आज त्या नोंदीमुळे ३१ मे रोजी हजारो सेवक निवृत्त होतात, तो इतिहास निराळा.) याहून बोलका रकाना शाळा सोडल्याच्या कारणाचा. तेथे बहुधा दोनच शब्द असतात : 'सतत गैरहजर'. या दोन शब्दांत कापसाची वेचणी, धाकट्या भावंडाला सांभाळणे, ऊसतोडीस वा वीटभट्टीवर गेलेले आईबाप आणि मुलीचे लग्न, हे सारे सामावले आहे. पहिलीत नोंदलेली मुलगी चौथीपर्यंत पोहोचली का, हे पाहावयाचे असेल, तर हाच रकाना पाहावा.

पुढे मुलींना पटावर टिकविण्यास उपदेशापेक्षा इतर गोष्टी अधिक उपयोगी पडल्या. १९९२ पासून दुर्बल घटकांतील मुलींना हजेरीच्या दिवसामागे एक रुपया मिळू लागला. १९९५ मध्ये देशभर पोषण आहाराची योजना निघाली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता शेकडा ८३ च्या वर गेली. पुरुष सुमारे ९०, स्त्रिया सुमारे ७६. हे चौदा टक्क्यांचे अंतर जुन्या 'सतत गैरहजर' या नोंदींचेच आहे.

आता 'जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना वाचताही येत नाही' हा आक्षेप. तो सर्वस्वी खोटा म्हणणार नाही. 'असर' या देशव्यापी पाहणीत २०२२ साली ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी शेकडा ४३ च दुसरीचा उतारा वाचू शकत होती. २०२४ साली ती संख्या ४९ च्या घरात आली. परंतु त्या वर्गात बसते कोण, हेही पाहिले पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर-जळगाव जामोदकडील आदिवासी बालकाची घरची बोली पुस्तकाची मराठी नव्हे. जे लेकरू दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जाते, त्याचे अर्धे वर्ष बुडते. ज्यांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी आहे, त्यांतील बरीच मुले इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून गेली. उरलेल्यांचा निकाल गेलेल्यांच्या निकालाशी ताडून गुरुजींस दोष देणे न्यायाचे नाही. गुरुजींचा दोष मुळीच नसतो असेही नाही. पण तो मोजण्याची ही रीत नव्हे.

हे गेलेले कोण? स्पष्ट लिहिण्याची क्षमा असावी, ते आपणच. दरवर्षी आपल्या मेळाव्यात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. त्यांच्या आजोबांची पहिली नोंद ज्या शाळेत आहे, तिचा आजचा पट किती, हे मात्र आपण विचारीत नाही. २०२३ साली शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मोजदाद केली, तेव्हा राज्यात त्या चौदा हजारांहून अधिक भरल्या. त्यांच्या 'समूह शाळा' करण्याचा विचारही तेव्हा मांडला गेला. शाळा बंद झाली की तिचे दप्तर शेजारच्या गावी जाते आणि सहा वर्षांच्या मुलीला तेवढी वाट चालावी लागते. ती वाट लांबली की कोणत्या रकान्यात काय लिहावे लागेल, हे वर आलेच आहे.

म्हणून मंडळास एक सूचना. नकलेसाठी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने त्या दिवशी आणखी एक काम करावे : आजोबांच्या वर्षी पहिलीत दाखल झालेली मुले किती, मुली किती, त्यांतून चौथी किती जण पोहोचले, आणि यंदाचा पट किती, एवढे आकडे मुख्याध्यापकांच्या अनुमतीने, कोणाचेही नाव न घेता, उतरवून आणावेत. पुढील स्मरणिकेत गावनिहाय कोष्टक छापता येईल. तेरा तालुक्यांचे काम आहे. प्रत्येक तालुक्यात आपले निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी हे अंगावर घ्यावे. घाटावरच्या गावांपासून आरंभ केल्यास बरे, कारण कमी पटाच्या शाळांची दप्तरे आधी हलतील.