इकडील सर्व क्षेम : घरच्या बातमीचा इतिहास

एकत्र कुटुंबाची व्याख्या करताना समाजशास्त्राने चुलीला मध्यभागी बसविले. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचे अन्न खाणारी, मालमत्ता आणि देवधर्म सामाईक असणारी, परस्परांच्या नात्यातली माणसे अशी ओळख सांगितली, आणि पुढील अभ्यासकांनी ती जवळजवळ प्रमाण मानली. घर कसे चालते हे समजण्यासाठी ही व्याख्या पुरेशी आहे. पण जुनी कौटुंबिक पत्रे वाचू लागलो की आम्हांला ती तोकडी पडताना दिसते. चूल वेगळी होते, वाटण्या होतात, एक भाऊ बडोद्यास आणि दुसरा इंदुरास नोकरी धरतो, तिसरा गावी भाताच्या खाचरात उरतो. तरीही कुटुंब मोडले असे त्यांच्यापैकी कोणीही म्हणत नाही. मग ते टिकते कशावर? आमचे उत्तर असे की विस्तारित कुटुंबाची खरी हद्द 'कोणाला कळवावेच लागते' या प्रश्नाने आखली जाते. चूल वेगळी झाली म्हणून सुतक वेगळे होत नाही.

हे वाक्य अलंकारिक नव्हे. धर्मशास्त्राने बातमीचा अक्षरशः हिशेब मांडून ठेवला आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९०च्या सुमारास सिद्ध झाला आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे मराठी ब्राह्मणी घरांत शंकासमाधानाचा ग्रंथ म्हणून वापरला गेला. त्यातील आशौचाचा भाग साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा तरी वाचावा. सात पिढ्यांच्या आतील सपिंडाचे सुतक दहा दिवसांचे, त्यापलीकडच्या सात पिढ्यांचे तीन दिवसांचे, ही त्याची प्राथमिक मांडणी. गंमत पुढे आहे. बातमी उशिरा आली तर काय करायचे? दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस पाळायचे. दहा दिवस उलटल्यावर परंतु तीन महिन्यांच्या आत कळले तर तीन रात्री. त्यानंतर विलंब वाढेल तसतसे सुतक कमी होत जाते, आणि फारच उशीर झाला तर नुसत्या स्नानाने भागते. (आईबापांच्या मृत्यूला ही सवलत अर्थातच नाही.) याला 'अतिक्रांताशौच' असे भारदस्त नाव आहे, पण त्याचा गाभा अगदी व्यावहारिक आहे. काशीस गेलेला चुलता तिकडेच वारला, ही खबर कोकणातल्या घरी पोचायला दोन-तीन महिने लागणार, हे शास्त्रकारांना ठाऊक होते. दुःखाची मुदत त्यांनी टपालाच्या गतीला बांधली. जन्माला मात्र असा हिशेब नाही: सोयराची बातमी दहा दिवसांनंतर आली तर भाऊबंदांना काहीच पाळायचे नसते. मरण मागून येऊनही गाठते, जन्म गाठत नाही.

आणि याच कोष्टकात एक ओळ आहे, जी वाचताना आम्ही दर वेळी थांबतो. विवाहित कन्येला आईबापांचे सुतक तीन दिवस. ज्या पुतण्याने चुलत्याला आयुष्यात एकदाही पाहिले नाही त्याला दहा दिवस, आणि त्या घरात जन्मून वाढलेल्या मुलीला तीन. पत्र कोणाला आधी जाणार, सविस्तर कोणाला आणि चार ओळींचे कोणाला, हे याच गणिताने ठरत असे.

राजकारण आणि घर जिथे एकच होते तिथे या हिशेबाचे वजन फार स्पष्ट दिसते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना माळव्यात ज्या सावकारी पत्रातून लागली ते पत्र इतिहासाच्या शालेय पुस्तकांमुळे सर्वांना माहीत आहे: मोत्ये, मोहरा, रुपे आणि तांबे यांच्या हानीची ती सराफी भाषा. आपण ते युद्धवार्तेचा नमुना म्हणून वाचतो. पण मोत्ये होती दोन, आणि ती म्हणजे वाचणाऱ्याचा थोरला मुलगा विश्वासराव व चुलतभाऊ सदाशिवराव. म्हणजे हे मुळात एका घरातल्या मृत्यूचे पत्र आहे, आणि त्याची भाषा सौम्य करण्याची रीतही घरगुतीच आहे. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोठी घटना पार्वतीबाईंची. सदाशिवरावभाऊंच्या या पत्नी स्वतः त्या स्वारीत होत्या आणि परत आल्या. पतीच्या मृत्यूची वार्ता त्यांनी मानली नाही. १७८३ साली त्यांचा अंत झाला तोवर, म्हणजे बावीस वर्षे, त्या सौभाग्यचिन्हे ल्यालेल्या होत्या. मधल्या काळात भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याच्याभोवती माणसे जमली, कारभाऱ्यांना चौकश्या कराव्या लागल्या, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. इतिहासकार तोतयाचे प्रकरण राजकीय बंड म्हणून सांगतात, आणि ते बरोबरही आहे. पण ते बंड उभे राहायला जी फट लागली ती एका घरात न स्वीकारलेल्या बातमीची होती. जिचे कुंकू पुसायचे ती पुसू देत नाही, तोवर मृत्यूची नोंद अपुरी. स्त्रीच्या हाती घराची कोणतीच सत्ता नसताना एवढी एक उरली होती: बातमी खरी मानायची की नाही.

बखर हा शब्द 'खबर'मधील अक्षरांची उलटापालट होऊन आला असे एक जुने मत आहे. ते सर्वांना मान्य नाही. पण मराठी इतिहासलेखनाचा मूळ द्रव म्हणजे कोणीतरी कोणालातरी कळविलेली खबर, एवढे त्यातून घ्यायला हरकत नसावी. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी साधने छापण्याची मोठी मोहीम उभी राहिली तेव्हा खबरीची प्रतवारी झाली. वि. का. राजवाडे यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा, गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळातले. सरदेसायांनी पेशव्यांच्या खासगी जीवनाला स्वतंत्र जागा दिली, हा त्यांचा मोठेपणा. तरी एकूण शिस्त अशी की स्वारी, तह, कर्ज आणि वसूल हा इतिहास. आणि कोणाला ताप आला, कोणाची पाचवी पुजली, कोणते स्थळ पसंत पडले, हा मजकूर किरकोळ. वस्तुतः १७७३ च्या ऑगस्टअखेर नारायणरावांचा खून झाल्यावर पुढचे साडेसात महिने साऱ्या पुणे दरबाराचे डोळे गंगाबाईंच्या बाळंतपणाकडे लागले होते. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर मुलगा झाला ही घरची बातमी. तिच्यावाचून बारभाईंचे राजकारण उभेच राहत नव्हते.

पेशवाई गेली. १८५४ मध्ये अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागले, १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे कार्ड निघाले, आणि पाठोपाठ १८८० मध्ये मनिऑर्डर. दरम्यान आगगाडी घाट चढून गेली होती. एका पैशाच्या कार्डाने विस्तारित कुटुंबाला जो आकार दिला तो कोणत्याही वाड्याने दिला नव्हता. घरे विखुरण्याचा आणि ती धरून ठेवण्याचा असे दोन्ही उद्योग सरकारने एकाच वेळी चालविले, असे म्हणावे लागते.

या कार्डाचे स्वतःचे व्याकरण होते. वर 'श्री'. मग 'ती.', 'चि.', 'सौ.', 'गं. भा.' यांपैकी योग्य ते. चुकले तर अनर्थ. 'सा. न. वि. वि.' किंवा 'अ. उ. आ.'. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे. मग मधल्या पाचसहा ओळींत खरा मजकूर: पाऊस, गाय, दुखणे, मुंज, परीक्षा, उसनवार. शेवटी मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, लोभ असावा. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे साचे निर्जीव वाटतात. पण कार्ड उघडे असते, ते पोस्टमन वाचतो, ओसरीवर ते मोठ्याने वाचले जाते, ज्या सुनेबद्दल लिहिले आहे ती आतल्या दाराआड उभी असते. सर्वांनी ऐकायच्या मजकुरात कोणाचेच मन लिहिता येत नाही. म्हणून 'हिची प्रकृती जरा बरी नाही' या अर्ध्या ओळीत क्षय, बाळंतरोग, सासुरवास किंवा वेड यांपैकी काहीही मावत असे, आणि ऐकणारेही ते बरोबर उलगडीत. साचा हा त्या काळचा पडदा होता.

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागे आणि ती जपून ठेवली जाई. मृत्यूचे कार्ड वाचून झाले की फाडून टाकीत. ते घरात ठेवायचे नसते. या एका रिवाजाचा इतिहासावर झालेला परिणाम कोणी पुरेसा मोजलेला नाही. जुन्या ट्रंकेत आज जी पत्रे सापडतात त्यांत मुंजी, लग्ने, बारशी भरपूर; मरणे नाहीत. प्लेगच्या वर्षांत घरेच्या घरे रिकामी झाली, आणि त्या वर्षांचे पत्रांचे पुडके पाहावे तर सर्व क्षेम. संशोधकाने या गठ्ठ्यांवर विश्वास ठेवून त्या कुटुंबाचे चित्र रंगविले तर ते फार सुखी दिसेल.

तारेची तऱ्हा निराळी. तार म्हणजे वाईट बातमी हे समीकरण इतके पक्के होते की ती उघडण्यापूर्वीच बायका रडू लागत; आणि पाठवणाराही मृत्यू झालेला असूनही 'प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा' एवढेच लिही. म्हणजे सराफी भाषेतल्या त्या मोत्यांचीच ही धाकटी बहीण. उलट, मुद्दाम खोटी बातमी देण्याचाही आचार होता. कावळा शिवला तर अरिष्ट टळावे म्हणून त्या माणसाच्या मृत्यूची खबर नातेवाइकांना धाडायची, त्यांनी रडून घ्यायचे, आणि मागाहून तो खुशाल असल्याचे कळवायचे, अशी चाल लोकाचारांच्या संग्रहांत नोंदलेली आहे.

हे सारे लिहित्या घरांचे झाले. गिरणगावातल्या कोकणी आणि घाटी कामगारांचे कुटुंब मनिऑर्डरच्या फॉर्मवर चाले. त्याच्या तळाशी मजकुरासाठी दोन बोटांची जागा; तेवढ्यात बहुधा दुसऱ्या कोणाच्या अक्षरात सांगायचे ते सांगायचे. पैसे पोचल्याची पावती परत येई, तिच्यावर आईचा किंवा बायकोचा अंगठा. ती जिवंत आहे, हे कळण्याचे ते साधन. आणि जिला लिहिताही येत नव्हते आणि लिहून देणाराही नव्हता तिची बातमी जात्यावर निघे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत माहेरचा भाऊ न्यायला आला की नाही, ही एकच बातमी किती प्रकारे येते ते पाहिले की ओवीला केवळ लोकगीत म्हणणे आम्हांला जड जाते. ते पत्रच आहे, फक्त पत्ता नसलेले.

कळविण्याचे बंधन ज्याच्यामुळे कळते ती गोष्ट म्हणजे कळविणे बंद होणे. आज आपण विवाहविच्छेदाला 'घटस्फोट' म्हणतो. मूळचा घटस्फोट हा पतिताला जिवंतपणीच मृत ठरविण्याचा विधी, ज्यात त्याच्या नावाने पाण्याचा घडा रिकामा करायचा. विधी न करताही तो परिणाम साधता येत असे. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यानंतर मुरूडच्या ग्रामस्थांनी सभा भरवून बहिष्कार घातला, आणि कर्व्यांना घरात घेतले तर त्यांच्या आईलाही वाळीत टाकण्याचे ठरविले. आपल्या गावी आलेल्या माणसाला आपल्या घरी उतरता येईना. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्याच प्रकारचे तुटणे आले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९००चा, म्हणजे मधली पाच वर्षे त्या दोन घरांच्या उंबरठ्यांमध्ये होत्या.

आता असे पाहा की कार्डावर जे लिहिता येत नव्हते ते नेमके कोठे लिहिले गेले. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१०च्या, पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ची, 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः, आणि गोदूबाईंचे, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांचे, 'माझे पुराण' १९४४चे. ही आत्मचरित्रे सुधारणेचा इतिहास म्हणून वर्गात शिकविली जातात. आम्हांला ती प्रथमतः न पाठविलेल्या पत्रांची पुडकी वाटतात. रमाबाईंनी वाचायला शिकावे हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना कसे खुपले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापायी मीठसाखरदेखील कशी धुतली जाई. हा मजकूर कोणत्याही कार्डात 'इकडील सर्व क्षेम' या तीन शब्दांखाली दडला असता. लक्ष्मीबाईंचा विनोद आपल्याला मोकळा वाटतो त्याचे एक कारण हे की ओसरीवर मोठ्याने वाचले जाईल ही भीती तिथे संपली आहे.

घराण्यांनी स्वतःचा इतिहास लिहिला तो मात्र कुलवृत्तांतांच्या रूपाने. विसाव्या शतकात, विशेषतः चित्पावन घराण्यांनी, गावोगाव छापील फॉर्म पाठवून, पत्रे धाडून, कुलदैवताच्या ठिकाणी संमेलने भरवून हे जाडजूड ग्रंथ सिद्ध केले. त्यामागचे कष्ट थोर आहेत. शाखा, घराणे क्रमांक, जन्म, शिक्षण, नोकरी, निवास. पत्नीची नोंद सासरचे नाव, कंसात माहेरचे. मुलगी आली की तिच्या पुढे नवऱ्याचे नाव आणि तिथे रेघ संपते. नुसत्या मुलीच झाल्या असतील तर पुष्कळ वंशावळींत शाखा खुंटली म्हणून दाखविली जाते. ही रेघ आणि धर्मसिंधूतले ते तीन दिवस यांचे माप एकच आहे. अलीकडच्या काही आवृत्त्यांनी मुलींची संततीही नोंदायला आरंभ केला आहे, आणि त्यामुळे क्रमांकांची जुनी व्यवस्था पार कोलमडली, अशी संपादकांची तक्रार असते.

जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. २०२०च्या टाळेबंदीत अनेक घरांनी अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिले, आणि मग ज्याने त्याने आपापल्या शहरात, आपापल्या सदनिकेत सुतक पाळले. अतिक्रांताशौचाचे कोष्टक आता निरुपयोगी झाले आहे, कारण बातमी उशिरा येतच नाही. मात्र बातमी वाचल्यावर तरुण मंडळी आजही कोणातरी आत्याला किंवा काकूला फोन लावून विचारतात: हे आपले नेमके कोण, आणि आपल्याला किती दिवसांचे? ती क्षणभर थांबते, पिढ्या मोजते, मध्ये एक दत्तक गेलेला आजा आडवा येतो तो वजा करते, आणि आकडा सांगते.