अण्णांचे सव्वापंधरा मैल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या वडिलांची १९७४ सालची एक डायरी माझ्याकडे आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. डायरीत तसे विशेष काही नाही. दुधाचा हिशेब, रॉकेलचा हिशेब, विम्याच्या हप्त्याची तारीख. मे महिन्याच्या पानांवर मात्र रोज एकच आकडा लिहिलेला आहे: जाताना सव्वापंधरा मैल, येताना सव्वापंधरा मैल. महिन्याच्या शेवटच्या पानावर या आकड्याखाली दोन रेघा मारलेल्या आहेत आणि पुढे एकच शब्द आहे, "नामंजूर".

ही गोष्ट रेल्वे संपाच्या दिवसांतली. ८ मे १९७४ रोजी देशभरातल्या रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला आणि २७ मे रोजी तो मागे घेतला गेला. लोकलचा भरवसा नसणे म्हणजे काय, हे डोंबिवलीकराला वेगळे सांगायला नको. अण्णा ठाण्याला एका कारखान्यात नोकरीला होते. त्यांनी सायकल काढली. मानपाडा, काटई, शिळफाटा, मुंब्रा, कळवा आणि मग खाडीवरचा पूल ओलांडून ठाणे, असा त्यांचा रस्ता.

जे कामगार स्वतःच्या वाहनाने येतील त्यांना अंतराप्रमाणे भत्ता देऊ, असे कारखान्याने जाहीर केले होते. अण्णा हिशेबाला पक्के. त्यांनी शेजारच्या एका वयस्कर काकांकडून सायकलच्या चाकाला लावायचे मीटर उसने आणले. ते जुने, विलायती, मैल दाखवणारे होते. संप मिटल्यावर त्यांनी रीतसर कागद सादर केला. सव्वापंधरा मैल म्हणजे साधारण साडेचोवीस किलोमीटर. हिशेबनीसाने रेल्वेचा तक्ता उघडला. ठाणे ते डोंबिवली सुमारे चौदा किलोमीटर. "अहो, तुमचे साडेचोवीस आले कुठून?" त्यावर अण्णा म्हणाले, "साहेब, मी रुळांवरून नाही आलो."

भत्ता चौदा किलोमीटरचाच मिळाला. पैसे गेल्याचे दुःख ते लवकरच विसरले. आपल्याला खोटे ठरवले, हे मात्र ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

निवृत्तीनंतर मी पुन्हा सायकल चालवू लागलो तेव्हा ही डायरी आठवली. म्हटले, आता तर आकाशातून मोजणारी यंत्रे आहेत, एकदाचा निकाल लावून टाकू. हँडलवर जीपीएसचे यंत्र बसवले, खिशात फोन ठेवला आणि खबरदारी म्हणून पुढच्या चाकाला चुंबकाचे मीटरही लावले. अण्णांच्या जुन्याच रस्त्याने ठाण्याला पोचलो आणि तिन्हींकडे पाहिले. चाकाचे मीटर म्हणत होते २४.७, हँडलवरचे यंत्र २४.४ आणि फोन २५.१. सायकल एक, स्वार एक, रस्ता एक आणि आकडे तीन! यातले खरे कोणाचे? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि अंतर मोजण्याच्या इतिहासात जाऊन पोचलो.

अंतर मोजायचे तर कुठून मोजायचे, हे आधी ठरवावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत मैलाचे दगड बसवले गेले तेव्हा शून्य धरले होते कोटातले सेंट थॉमस कॅथीड्रल. तिथून एक मैल, दोन मैल असे रोमन आकडे कोरलेले दगड उत्तरेकडे उभे राहिले. पुढे त्यातले काही पदपथाखाली गाडले गेले आणि अलीकडे काही उकरून काढण्यात आले. मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली ती २१ मैल. रेल्वेचे शून्य वेगळे आणि वाटही वेगळी, कारण रेल्वे मोजते ते रुळांचे अंतर.

पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत गेले. ते पारसिकच्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जात. १९१६ साली डोंगराच्या पोटातून सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा झाला आणि गाड्यांना सरळ वाट मिळाली. धीमी लोकल मुंब्र्यावरूनच जात राहिली आणि जलद लोकल २०२२ पर्यंत बोगद्यातून जात असे. डोंगर जिथे होता तिथेच राहिला, खाडीही हलली नाही, पण ठाणे आणि दिवा एकमेकांच्या जवळ आले! म्हणजे दोन गावांमधले अंतर हा काही गावांबरोबर जन्माला आलेला आकडा नव्हे. कोणत्या वाटेने, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. आमच्या हिशेबनीसाचा तक्ता खोटा नव्हताच. तो दुसऱ्या वाटेचा होता.

आता चाकाच्या मीटरचे पाहू. १८९५ साली अमेरिकेत कर्टिस व्हीडर या गृहस्थाने सायकलचे छोटेसे मीटर बाजारात आणले. चाकाच्या तारेला एक खुंटी लावायची. चाक एकदा फिरले की ती मीटरच्या दातेरी चकतीला टिचकी मारते आणि आतले आकडे पुढे सरकतात. अण्णांचे उसने मीटर याच जातीचे. यात लबाडीला जागा नाही, पण चुकीला आहे. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर भरतो. तो मोजताना एका सेंटिमीटरची चूक झाली तर डोंबिवली ते ठाणे या अंतरात शंभरेक मीटरचा फरक पडतो. शिवाय स्वार वर बसला की टायर दबतो आणि घेर कमी होतो. हवा कमी असेल तर आणखी कमी. उन्हाने टायर तापला की पुन्हा वाढतो.

अण्णांना हे ठाऊक असावे. आई सांगायची, की त्यांनी चाळीच्या गॅलरीत खडूने खूण केली, स्वतः सायकलवर बसले आणि भावाला सायकल ढकलायला लावून चाकाचा एक पूर्ण फेरा फरशीवर मोजला. आम्हा मुलांना तो खेळ वाटला होता. पुष्कळ वर्षांनी मी वाचले, की मॅरेथॉनचे मार्ग आजही जगभर सायकलनेच मोजतात. जॉन ज्युवेल या इंग्रज गृहस्थाने १९६१ साली ही पद्धत मांडली आणि १९७१ साली अमेरिकेत ॲलन जोन्स आणि त्यांचा मुलगा क्लेन यांनी त्यासाठी खास मोजणी-यंत्र तयार केले. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून पाहायची आणि चाक किती मोजते ते ठरवायचे. मग मार्ग मोजायचा आणि पुन्हा त्याच पट्ट्यावर येऊन चाक बदलले नाही ना, हे तपासायचे. एवढे करूनही मार्ग हजारात एक या प्रमाणात मुद्दाम लांब ठेवतात. पूर्ण मॅरेथॉनला हे होतात ४२ मीटर. मोजणाऱ्याची चूक धावणाऱ्याच्या पदरात पडू नये, हा त्यामागचा विचार. अशा अधिकृत मोजणीसाठी जीपीएस चालत नाही, हे वाचून मला नवल वाटले.

का चालत नाही? त्यासाठी आकाशातल्या यंत्रणेकडे वळू या. जीपीएसचा जन्म अमेरिकेच्या लष्करात झाला. त्याचा पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी सोडला गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि ते पाडण्यात आले. २६९ माणसे गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने ही सोय नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. तरी एक मेख होती. सामान्यांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि ती शंभर मीटरपर्यंत जाई. तलावपाळीवर भेळ खाणाऱ्या माणसाला यंत्राने मासुंदा तळ्याच्या पाण्यात उभे केले असते! ही भेसळ २ मे २००० रोजी बंद झाली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले असतील. डोंबिवलीच्या फलाटावर गर्दीची वेळ. वर आकाशात काय बदलले, याचा कोणाला पत्ताही नसेल.

हे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत एकच गोष्ट सांगतात: मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढते. चार उपग्रहांचे अंतर कळले की आपली जागा कळते. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात हा संदेश ३०० मीटर जातो, म्हणून घड्याळ जराही चुकून चालत नाही. आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे वरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सेकंदाच्या ३८ दशलक्षांशांनी पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरहून जास्त गोंधळ होईल.

मोकळ्या आकाशाखाली आपल्या फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आत असते. कौतुकच आहे. पण, मंडळी, फोन रस्ता मोजत नाही. तो ठरावीक वेळाने एक ठिपका टाकतो आणि ठिपके सरळ रेषांनी जोडतो. येऊरच्या चढावर वळणामागून वळण येते. तिथे दोन ठिपक्यांच्या मधले वळण कापले जाते आणि अंतर कमी भरते. डोक्यावर दाट झाडी असेल तर संदेशही क्षीण होतो. घोडबंदर रस्त्यावर उलटा प्रकार. संदेश उंच इमारतींवर आपटून उशिरा पोचतो आणि ठिपके डावी-उजवीकडे भरकटतात. शिळफाट्याच्या कोंडीत आपण जागचे हलत नाही, पण ठिपका आपला इकडेतिकडे फिरत असतो आणि काही यंत्रे ते फिरणेही आपल्या खात्यावर जमा करतात. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या पीटर रानाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली गणिताने दाखवून दिले, की जागेतल्या अशा चुकांमुळे दोन ठिपक्यांमधले अंतर सरासरीने खऱ्यापेक्षा थोडे जास्तच भरते. माझ्या फोनच्या २५.१ मागे हेच असावे.

मोजपट्टी कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आपल्या देशालाही पडला. भारताने १ जुलै २०१३ पासून २८ एप्रिल २०१६ पर्यंत स्वतःचे सात उपग्रह सोडले. या यंत्रणेला 'नाविक' असे नाव मिळाले. पुढे काही उपग्रहांवरच्या परदेशी बनावटीच्या अणुघड्याळांनी दगा दिला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ बसवण्यात आले. दुसऱ्याच्या घड्याळावर विसंबून आपले अंतर मोजणे किती नाजूक असते, ते यातून ध्यानात यावे.

हा प्रश्न नुसत्या हौशी सायकलवाल्यांचा नाही. घरपोच सामान पोचवणारी मुले आज आपल्या प्रत्येक गल्लीत दिसतात. त्यांच्या कष्टाचा हिशेब पुष्कळदा फोनवरच्या किलोमीटरवर होतो. आता डोंबिवलीचेच पाहा. पूर्व आणि पश्चिम यांच्या मध्ये रूळ आहेत. रुळांच्या अलीकडचे दुकान आणि पलीकडचे घर नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते. दुचाकीवाल्याला मात्र पूल गाठावा लागतो. कोपर पूल २०१९ साली बंद झाला आणि नवा होऊन २०२१ साली खुला झाला. मधल्या काळात हजारो माणसांचे रोजचे अंतर वाढले. उपग्रहांच्या दृष्टीने दुकान आणि घर एक इंचही सरकले नव्हते. अशा वेळी कोणी सरळ रेषेने हिशेब केला तर तो अण्णांच्या हिशेबनीसाचाच वारस म्हणायचा.

शेवटी माझ्या तीन आकड्यांचे काय? मी त्या रस्त्याने आणखी चार वेळा गेलो. दरवेळी आकडे थोडे वेगळे आले, पण साडेचोवीसच्या आजूबाजूलाच राहिले. रस्ता पन्नास वर्षांत रुंद झाला, वळणे बदलली, त्यामुळे अण्णांच्या आकड्याची मीटरभर अचूक तपासणी आता होणे नाही. तिन्ही यंत्रांच्या चुका मिळून अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या भरतात. तक्त्याची चूक होती दहा किलोमीटरची, आणि ती यंत्राची नव्हती. माणसाला त्याची वाट न विचारता अंतर ठरवल्याची होती.

अण्णा आता नाहीत. आकाशातले उपग्रह तुमच्या बाजूने साक्ष देतात, हे त्यांना सांगायचे राहून गेले. डायरीतल्या "नामंजूर" खाली मी पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या आहेत. पहिल्या ओळीत रस्ता: मानपाडा, काटई, शिळफाटा, मुंब्रा, कळवा. आकडा दुसऱ्या ओळीत.