तारण : गहाणाचे आणि आत्म्याचे

गडचांदूरसारख्या गावात ‘तारण’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. पतपेढीच्या फलकावर ‘सोने तारण कर्ज’ लिहिलेले असते आणि मिस्सात प्रभू येशूने साधलेल्या आमच्या तारणाची घोषणा होते. एकाच शब्दात दागिनाही अडकावा आणि आत्माही सुटावा, याचे आम्हांस नवल वाटत आले आहे.

इंग्रजीत या कामी ‘सेव्ह’ हे एकच क्रियापद राबते. बुडत्यास वाचवणे, पैसा साठवणे, श्रम टाळणे, आत्म्यास तारणे, सारे त्याच्याच पदरी. आता तर संगणकावरील मजकूर जतन करणेही. हे क्रियापद फ्रेंचमार्गे लॅटिन ‘साल्वारे’वरून आले. जुन्या रोमनांचे नित्याचे क्रियापद मात्र ‘सेर्वारे’. संत ऑगस्टीन एका प्रवचनात सांगतात की, तारणारा येण्यापूर्वी ‘साल्वारे’ आणि ‘साल्वातोर’ हे शब्द लॅटिन नव्हतेच. तो लॅटिन लोकांत आला तेव्हा ते लॅटिन झाले. म्हणजे इंग्रजी बचतखात्यावरचा शब्द देवळातून पेढीवर गेला म्हणायचा!

मराठीची वाट निराळी. संस्कृत ‘तृ’ म्हणजे ओलांडणे. तारणे म्हणजे पैलतीरी नेणे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ असे आमच्याकडे कोणीही सहज म्हणतो. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाची मायबोली ‘सेव्ह’ची, परंतु १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी इथल्या भक्तिपरंपरेचीच शब्दसंपदा घेतली. स्वर्गाला वैकुंठ म्हणताना ते अडखळले नाहीत.

आमच्या भागात सिरो-मलबार चर्चचे चांदा मिशनक्षेत्र १९६२ साली स्थापन झाले व १९७७ साली त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. येथे आलेल्या केरळी धर्मगुरूंच्या मल्याळममध्ये तारणारा म्हणजे ‘रक्षकन्’. तो शब्द जसाच्या तसा मराठीत उतरवला, तर या जंगलपट्टीत डोळ्यांपुढे खाकी गणवेशातला वनरक्षकच उभा राहायचा! तेव्हा ‘तारणारा’ हाच शब्द बरा.

मात्र त्याला पतपेढीचा वास आहे, तो लपवू नये. सावकाराकडील तारण ऋणकोच्याच घरातून जाते. वेदीवरील तारणात मोल दुसऱ्याने भरलेले असते. ज्या घरची जमीन एकदा गहाण पडली आहे, त्या घरात ‘सोडवणे’ या क्रियापदाचा अर्थ धर्मशिक्षकाला फोड करून सांगावा लागत नाही.